हिरवी, आठ सेंटिमीटर

आज सकाळी कण्हेरीखाली पहिली लेंडी दिसली. मोहरीएवढी, काळपट हिरवी. काल नव्हती हे मी छातीठोकपणे सांगते, कारण काल मी स्वतः तिथं जुना पेपर अंथरला होता, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, आणि दिवेलागणीला तो कोरा होता. म्हणजे वर कुणीतरी आहे, आणि ते खातंय.

तर भाद्रपद आला. बाकीच्यांना तो कॅलेंडरवरून कळतो, इंदरगंजच्या चौकात मूर्तींच्या हातगाड्या लागल्या की कळतो. मला लेंडीवरून कळतो. हसायचं तर हसा.

स्वतःबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी बोलायला नको. मी संशयी बाई आहे. जन्मतः नव्हते, नोकरीनं केलं. ग्वाल्हेरातल्या मुरारच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं आणि त्यातले कितीतरी मार्च महिने फ्लाइंग स्क्वॉडच्या जीपमध्ये काढले. पुण्याची माणसं कॉपी म्हणतात, आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं नकल म्हणतो, आणि आमच्या ह्या मुलखात ती कला काय बहरलीय म्हणून सांगू! बुटाच्या तळव्यात चिठ्ठी, पाण्याच्या बाटलीच्या लेबलावर आतून उत्तरं, ओढणीच्या काठावर सूत्रं. आमची जीप दिसली की मागच्या भिंतीवरून माणसं धपाधप उड्या मारायची. त्यात एक गोष्ट शिकले. ज्याला उत्तर येत नाही तो बिचारा छताकडे बघतो. ज्याच्याजवळ चिठ्ठी आहे तो तुमच्याकडे बघतो.

कण्हेरीवरची अळी तुमच्याकडे बघते. बोटाएवढी जाड, पानासारखीच हिरवी, अंगावर बारीक पांढरे ठिपके, शेपटाकडे एक बुटकं पिवळं शिंग. तिला जरा डिवचलं की ती मान आत ओढून घेते, खांदे फुगवते, आणि काजळ घातल्यासारखे दोन निळे-पांढरे डोळे तुमच्यावर रोखते. ते डोळे खोटे असतात. नुसते ठिपके. खरं डोकं खाली, एवढुंसं, दडवलेलं. पहिल्यांदा पाहिली तेव्हाच मी मनोहरना म्हटलं होतं, ही पोरगी नक्की नकल करतेय.

मनोहर म्हणजे माझे यजमान. चारचौघांत मी 'हे' म्हणते, नाव काय ते उखाण्यापुरतं घेतलेलं. पण लिहिताना जागोजागी 'हे' आलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा, म्हणून इथं नाव घेते. ते बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. कालवे, पूल, मोऱ्या, सगळ्यांचे नकाशे ह्यांच्या हातचे. केसाएवढी रेघ, ती कुठं जाड होणार नाही, कुठं तुटणार नाही. रिटायर झाल्यावर आमच्या घरापुढच्या सहा फुटांच्या पट्टीत एक गुलाबी कण्हेर होती, तिच्यावर अळ्या पडल्या. दुसऱ्या कुणी औषध मारलं असतं. ह्यांनी ग्राफ पेपरची वही आणली.

त्या वह्या मी परीक्षकाच्या नजरेनं वाचल्यात, आणि पैकीच्या पैकी मार्क देते. अंडं राजगिऱ्याच्या दाण्याहून थोडं मोठं, फिकट हिरवं, कोवळ्या पानावर एकेक सुटं घातलेलं. चार-पाच दिवसांनी त्यातून पिवळा दोरा निघतो, त्याच्या टोकाला अंगाच्या मानानं भलतंच लांब काळं शिंग. मग ती कात टाकत जाते, हिरवी होत जाते, शिंग आखूड होत जातं. ज्या कण्हेरीची चार पानं खाल्ली तर गाय आडवी होईल, ती खाऊन ही तीन आठवड्यांत बोटभर होते. मग एक दिवस खाणं बंद. अंगाचा रंग बिघडतो, हिरवीची तपकिरी होते, झाडावरून उतरते आणि पालापाचोळ्यात जाऊन स्वतःला गुंडाळून घेते. त्या कोशातून पंधरा-वीस दिवसांनी पतंग निघतो. चुरगळलेल्या हिरव्या रेशमासारखा, मधेच गुलाबी झाक. इंग्रजीत त्याला ओलिअँडर हॉकमॉथ म्हणतात. आम्ही कण्हेरीचा पतंग म्हणतो. संध्याकाळी तो फाटकावरच्या मधुमालतीवर येतो, बसत नाही, हवेतच थरथरत उभा राहतो आणि लांब सोंड घालून मध पितो. प्रत्येक पायरीचं खऱ्या मापाचं चित्र वहीत आहे. शिंगावरचे बारीक दाणेसुद्धा काढलेत.

हॉलमध्ये नकाशाही आहे, ह्यांनीच काढलेला. पतंगाची वस्ती कुठवर, त्याचा. आफ्रिका बहुतेक हिरवी, मग अरबस्तानाची कड, मग आपला अख्खा देश, पुढं पूर्वेची बेटं. वर युरोपात नुसत्या तुटक रेघा. तिथं तो उन्हाळ्यात समुद्र ओलांडून जातो, अंडी घालतो, आणि थंडी पडली की ती पिढी तिथंच संपते. तरी पुढच्या वर्षी दुसरे जातातच. मला हा नकाशा कधी पटला नाही. असा सलग हिरवा रंग फासला की वाटतं इंच न इंच पतंग बसलाय. मी म्हणायचे, दाल बाज़ारात एक तरी दाखवा मला. पोती, हमाल, डाळीची धूळ, तिथं कण्हेर कुठाय? मनोहर म्हणायचे, बरोबर आहे तुझं, कुणी कण्हेर लावली तरच तो. मग एकदा स्कूटरवरून आग्रा-मुंबई रस्त्यानं जाताना त्यांनी दुभाजकाकडे बोट केलं. मैलोन् मैल कण्हेर, ट्रकच्या धुरात फुललेली. हा त्याचा खरा नकाशा, म्हणाले. त्याच वाटेनं आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून वर आले आणि परत गेले नाहीत. अजून पुण्याच्या लग्नात बायका विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या हो? आणि इथल्या सरकारी खिडकीवरचा बाबूही आडनाव वाचून तेच विचारतो. दोघांच्या आवाजात शंका तीच असते. मला त्याचा राग येतो, आणि रागावताना हेही कळतं की शंका घेण्यात मी दोघांच्याही वरताण आहे.

आता त्या भाद्रपदाचं सांगते. तीन वर्षं झाली.

त्या वर्षी घरात पाणी कुठंतरी मुरत होतं. मनोहर सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे, मी कुकर लावता लावता ऐकायचे. ते बंद झालं. काय रोजचं तेच तेच, म्हणाले. स्कूटर अंगणात कापडाखाली गेली. दाल बाज़ारात पार्किंगला जागा नसते म्हणे, म्हणून शेअरच्या टेम्पोनं जायला लागले. ज्या माणसानं चाळीस वर्षं दोन खांबांच्या मधून स्कूटर काढली, त्याला पार्किंग आठवावं? वहीत चित्रं काढणं थांबलं. विचारलं तर म्हणाले, हात थरथरतो. मी मुद्दाम त्यांच्या हातात चहाचा काठोकाठ भरलेला कप दिला. थेंब सांडला नाही.

आणि फोन. बंगळूरला असलेल्या मुक्ताशी, आमच्या मुलीशी, ते गच्चीवर जाऊन बोलायला लागले, तेही स्पीकर लावून. माझ्या डोक्यात लगेच चित्र तयार झालं. बापलेकीचं काहीतरी शिजतंय. घर विकायचं, मला उचलून बंगळूरच्या बाराव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं. मी मुक्ताला फोन करून सरळ उलटतपासणी घेतली. ती वैतागली. "आई, कसम से, मुझे कुछ नहीं पता. बाबा फक्त विचारतात जेवलीस का, मौसम कैसा है. तू पण ना, हद करतेस!" मी मनात म्हटलं, पढवलेली साक्षीदार आहे.

मग चतुर्थीची पत्री. आमच्याकडे गणपतीला एकवीस तऱ्हेची पानं लागतात, त्यांत कण्हेरीचं पान एक. मुरारमधली निम्मी मराठी घरं त्यासाठी आमच्या फाटकाशी येतात. मनोहरचा त्याबाबत कडक नियम. कुणी स्वतः तोडायचं नाही. ते प्रत्येक पान पालथं करून बघणार, अंडं नाही ना, अळी नाही ना, आणि मगच हातात देणार. बायका मागे कुजबुजायच्या, एवढं तर सोनं घेताना आम्ही बघत नाही. त्या वर्षी लिमये वहिनींना त्यांनी डहाळीच तोडून दिली. वहिनींच्या घरी पूजा रंगात आलेली, गुरुजी मंत्र म्हणताहेत, आणि करवीरपत्र वाहिलं तर ते चालायला लागलं. हिरवी, बोटभर अळी देवाच्या गुडघ्यावरून सोंडेकडे निघाली. वहिनींच्या सुनेनं किंकाळी फोडली, गुरुजींनी पाट सोडला. वहिनी दुपारी डबीत घालून अळी परत घेऊन आल्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मनोहरही हसले. म्हणाले, मुद्दामच पाठवली होती, दर्शनाला. सगळ्यांना ते खरं वाटलं. मला नाही वाटलं. ह्या माणसानं अळीशी कधी थट्टा केली नव्हती. पण मग काय, ते मला सुचेना, आणि सुचेना म्हणून मी जास्तच चिडले.

गौरी आल्या त्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे कण्हेरीजवळ उभे राहिले, मग आत येऊन वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मला सांगितलं, तीन आहेत, हिरव्या, आठ सेंटिमीटर, छान खाताहेत. तासाभरानं मी गौरींसाठी फुलं काढायला गेले. तीन अळ्या होत्या, पण हिरवी एकही नव्हती. दोन तपकिरी पडून खोडावरून उतरत होत्या. तिसरी फरशीवर चिरडलेली होती, आणि तिच्यावर चपलेचा ठसा होता.

वही वाचली होती, पायऱ्या पाठ होत्या, तरी खरं सांगते, त्या क्षणी मला रंग बदलण्याचं आठवलंच नाही. संशय आधी धावतो, अक्कल मागून चालत येते. मला दिसलं ते विष. शेजारच्या भदौरिया भाभींची सून अळ्यांना घाबरायची, भाभी दोनदा म्हणाल्या होत्या की दवा छिड़कवा लो. मी फुलांची परडी तशीच हातात घेऊन त्यांच्या दारात गेले आणि नको नको ते बोलले. तीस वर्षांचा शेजार. माझ्या बाळंतपणात ह्या बाईनं महिनाभर आमच्याकडे पोळ्या केल्या होत्या. भाभींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दीदी, हम काहे को मारेंगे? भाईसाहब से पूछ लो. सुबह उन्हीं का पैर पड़ा था. हमने आवाज़ भी दी, पर वो तो देख ही नहीं रहे थे."

मी घरी आले. भाईसाहब से पूछ लो. मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात आधी विचारत नाहीत, आधी कागद ताब्यात घेतात. मनोहर आंघोळीला गेले होते. मी त्या वर्षीची वही काढली, शेजारी आदल्या वर्षीची ठेवली.

प्रॅक्टिकलच्या जर्नल्स तपासून माझे केस पांढरे झालेत. लंबकाचा प्रयोग खरा केलेल्या मुलाचे आकडे वेडेवाकडे असतात, एखादा तर साफ चुकलेला असतो. नकल केलेल्याचे आकडे शहाण्या मुलांसारखे ओळीनं बसलेले. त्या वर्षीची वही अशी शहाणी होती. आणि दोन-चार पानं उलटल्यावर ती शहाणी का होती तेही कळलं. आदल्या वर्षीच्या नोंदी, जशाच्या तशा, चार दिवस पुढं सरकवून. 'दुपारी पावसाची सर, अळी पानाखाली.' आदल्या वर्षी तसा पाऊस झाला असेल. त्या वर्षी त्या दुपारी मी पापड वाळत घातले होते, कडकडीत उन्हात. अक्षरही ओळ सोडून चढत होतं, उतरत होतं. मनोहरचं अक्षर.

स्वतःचीच नकल! कोणासाठी? ह्या वह्या तपासणार कोण होतं? माझ्या आयुष्यात मी हजारो नकलबाज पकडले, पण परीक्षाच नसताना नकल करणारा पहिल्यांदा पाहिला. मला भयंकर राग आला. आणि रागाच्या तळाशी भीती होती, ती मात्र मी कबूल केली नाही.

ते आंघोळ करून आले, चहाला बसले. मी दोन्ही वह्या उघड्या करून टेबलावर ठेवल्या. एकाच दुकानातल्या, एकाच निळ्या पुठ्ठ्याच्या.

"अहो, ह्यातली यंदाची कोणती?"

त्यांनी खाली बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. माझ्या कानाच्या जरा बाजूला कुठंतरी बघत होते. मग हात पुढं आला, बोटं एका पानावरून फिरली, दुसऱ्यावरून फिरली. आदल्या वर्षीच्या पानांवर चित्रं होती, ह्या वर्षीच्या पानांवर एकही नव्हतं. कुठलंही लहान मूल ओळखेल. त्यांनी आदल्या वर्षीच्या वहीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही."

मी ती त्यांच्या हाताखालून ओढून घेतली. त्यांना कळलं.

"मधलं दिसत नाही, सुधा," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. झाड दिसतं, पण ज्या पानाकडे बघावं तेच पुसलं जातं. तुझ्याकडे बघितलं तर चेहरा जातो. कानातल्या कुड्या तेवढ्या राहतात. मागच्या वर्षीच्या नोंदी पाठ होत्या, त्याच अंदाजानं लिहीत गेलो."

कधीपासून, विचारलं. होळीपासून, म्हणाले. होळीपासून भाद्रपद! सहा महिने ह्या घरात एक माणूस पायऱ्या मोजून चालत होता, आवाजावरून माणसं ओळखत होता, फोन दिसत नाही म्हणून स्पीकर लावत होता, आणि मी, जिला बुटातली चिठ्ठी चालण्यावरून कळायची, मी त्यांच्यावर घर विकायचा आरोप ठेवत होते. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, "सांगितलं असतं तर तू रोज तपासलं असतंस. हे दिसतं का, ते दिसतं का. मला रोज नापास व्हायचं नव्हतं."

ते वाक्य माझ्या तोंडात मारल्यासारखं बसलं. मी रडले, अगदी हमसून रडले, आणि रडताना पुन्हा रागही येत होता, कारण त्या सहा महिन्यांत काहीतरी करता आलं असतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. एका डोळ्याचा उशीर झाला होता. दुसऱ्यात इंजेक्शनं घेऊन कडेची नजर राखता येईल, मधलं परत येणार नाही. गौरी आल्या त्याच संध्याकाळी मी भाभींकडे गेले होते. माफी मागायची मला सवय नाही. दारातच उभी राहिले. त्यांनी चहा टाकला आणि एवढंच म्हणाल्या, अब भाईसाहब को अकेले मत निकलने देना.

तेव्हापासून वही मी लिहिते. मनोहर व्हरांड्यात खुर्चीवर बसतात, मी कण्हेरीजवळून ओरडून सांगते. पहिल्या वर्षी आमची रोज भांडणं झाली. ते म्हणायचे, वरून काय बघतेस, खालून बघ, अळी पानाच्या पाठीवर असते. म्हातारपणी मी फरशीवर गुडघे टेकून, मान वाकडी करून बघू लागले. पट्टीनं माप घेताना अळी फुस्स करून ते खोटे डोळे दाखवते, आणि मी इतकी वर्षं झाली तरी दचकते. मनोहर कान देऊन असतात. अळी मोठी झाली की लेंडी पेपरावर पडल्याचा टप् असा आवाज येतो, मला तो काही ऐकू येत नाही, त्यांना येतो. आज बरंच खाल्लं हं तिनं, म्हणतात.

पण खोड जात नाही. ते म्हणाले आज जरा बरं दिसतंय, की मी त्यांच्या ताटात मीठ डावीऐवजी उजवीकडे वाढून बघते. चांदण्या दिसल्या म्हणाले की ढग आहे का ते मी आधी बघते. त्यांना हे ठाऊक नसेल असं समजण्याइतकी मी भोळी नाही.

गेल्या वर्षीचा भाद्रपद वाईट होता. डेंग्यूचा धूर दोनदा गल्लीतून फिरून गेला. कण्हेरीवर तीनच अळ्या वाढल्या. पहिल्या दोन खाली उतरल्या, पाचोळ्यात गेल्या. तिसरी एका सकाळी काळी पडून पानाला लोंबत होती. माश्या तिच्या अंगात अंडी घालतात कधीकधी, आतून पोखरून टाकतात. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी चांगल्या डोळ्याबद्दल मान हलवली होती, आणि मनोहर दोन दिवस जेवणावरून उठत होते. मी अळीकडे बघितलं, व्हरांड्याकडे बघितलं, आणि ओरडून सांगितलं, तिसरीही उतरली हो! वहीतही तसंच लिहिलं. माझ्या हातून झालेली ती पहिली नकल. जीभ अडखळली नाही, ह्याचंच मला नवल वाटलं.

एकदा जमलं की पुढं सोपं जातं. पाचोळ्यात एका कोशाला मुंग्या लागल्या, मी तो गपचूप उचलून टाकला आणि कोश ठीक आहे म्हणाले. मनोहर दिवस मोजत होते. अठरा झाले, एकोणीस झाले. रोज संध्याकाळी चहा घेऊन आम्ही मधुमालतीसमोर बसायचो. तिची फुलं त्या वेळी उमलतात, पांढरी, सकाळपर्यंत गुलाबी होतात. वास असा की डोकं जड व्हावं. पतंग काही येत नव्हता. मनोहर चेहरा वर करून, जरा तिरपे बसून राहायचे, कडेच्या नजरेत काही सापडतंय का बघत. मला ते बघवत नव्हतं.

विसाव्या दिवशी ते एकदम पुढं वाकले. "सुधा, आला बघ. डाव्या हाताला, वरच्या झुबक्यावर."

मी बघितलं. डाव्या हाताला वरच्या झुबक्यावर फुलं होती. वारासुद्धा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत असा उजळ पाहिला नव्हता. काय करणार होते मी?

"हो, हो," मी म्हटलं. "दोन आहेत."

"दोन?"

"दोन. हिरवे. गुलाबी झाक आहे ना पंखांवर?" आणि पेन उघडून मी वहीत लिहिलंसुद्धा.

ते मागे टेकले. चेहऱ्यावरचा उजेड गेला नाही, पण आता त्यात दुसरंच काहीतरी होतं. असा चेहरा मी पूर्वी आरशात पाहिला असेल, जीपमधून उतरण्याआधी.

"तिथं काही नव्हतं, सुधा. मी उगाच म्हणालो. तू काय लिहितेस ते बघायचं होतं."

मनोहर हळू आवाजात, मोजून बोलले. म्हणाले, तिसऱ्या अळीनं पुरी वाढ व्हायच्या आधीच खाणं सोडलं होतं, पेपरावर काही पडलं नाही, तेव्हाच शंका आली. मेली ना ती? मी हो म्हटलं. आणि कोश? मुंग्या लागल्या, मी सांगितलं. दुसऱ्याचं काय, ते मला ठाऊक नाही, तेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

"माझं मधलं गेलंय," ते म्हणाले. "आता तिथं तू आहेस. मला आनंद व्हावा म्हणून तू तिथं काहीबाही दाखवायला लागलीस, तर मी बघू कुठं?"

किती मुलांच्या हातातून मी पेपर ओढून घेतले. कुणी पाया पडायचं, कुणी शिव्या द्यायचं, आणि काही नुसते खाली मान घालून उभे राहायचे, त्यांची मला सगळ्यांत चीड यायची, वाटायचं कोडगे आहेत. ते कोडगे नव्हते. बोलण्यासारखं त्यांच्याजवळ काही नसायचं. मी खाली मान घालून 'दोन' वर काट मारली, पानं मागं उलटून तिसरी अळी दुरुस्त केली, कोश दुरुस्त केला, आणि प्रत्येक काटाकाटीशेजारी सही केली, नियमाप्रमाणे.

"वाच," ते म्हणाले.

"मधुमालती. संध्याकाळ. वारा नाही. पतंग एकही नाही."

"ठीक आहे," मनोहर म्हणाले. "अजून उजेड आहे. थोडं बसू." मी खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ ओढली आणि आम्ही बसून राहिलो.